सिस्टरच्या गाडीची पाच चाकं

गाडीची चाकं घरच्या घरी, सुरक्षितपणे कशी फिरवायची, हे विचारायला लोक माझ्याकडे येतात. मी त्यांना बसवतो, पाणी देतो आणि आधीच सांगून टाकतो, की बाबांनो, नाशिकच्या द्वारका चौकापुढे हायवेला माझं टायरचं दुकान होतं, माझी उमेदीची सगळी वर्षं तिथेच गेली, किती गाड्यांची चाकं मी पुढची मागे आणि मागची पुढे केली त्याला गणती नाही. आणि तरीसुद्धा घरच्या घरी हे काम कसं करतात ते मला कळलं दुकान पुतण्याच्या ताब्यात देऊन घरी बसल्यावर. तेही एका रिटायर्ड नर्सबाईंना शिकवता शिकवता. शिकवता शिकवता म्हणजे त्यांच्या देखत आपटता आपटता.

चाकं फिरवायची म्हणजे त्यांच्या जागा बदलायच्या. का, तर बहुतेक छोट्या गाड्यांत पुढची दोन चाकं सगळं करतात. गाडी तीच ओढतात, वळतात तीच आणि ब्रेक दाबला की भारही त्यांच्यावरच येतो. मागची दोन नुसती मागे मागे येतात. एखाद्या घरात नाही का, एक भाऊ शेतात राबतो आणि दुसरा लग्नकार्यात फेटा बांधून मिरवतो. मग राबणारा लवकर झिजतो. म्हणून ठरावीक अंतर गाडी चालली की राबणाऱ्याला मागे घ्यायचं, मिरवणाऱ्याला पुढे आणायचं. चारही भाऊ एकदम म्हातारे होतात आणि चारही टायर एकदम बदलता येतात. एवढं साधं आहे. पण लोक करत नाहीत. पुढचे दोन टायर उकडलेल्या अंड्यासारखे गुळगुळीत झाले की येतात आणि वर मलाच विचारतात, "अण्णा, टायर डुप्लिकेट दिले होते का हो?"

या धंद्यातली माझी सगळ्यात गाजलेली गोष्ट मी स्वतःच सांगतो, कारण दुसरे सांगतात तेव्हा तिखटमीठ जास्त होतं. सिन्नरला काळी-पिवळी जीप चालवणारा भिका माझं जुनं गिऱ्हाईक. एकदा मी त्याच्या जीपचं पुढचं चाक बसवलं, नट बोटांनी फिरवून जागेवर आणले आणि तेवढ्यात समोरच्या टपरीवरून चहाची हाक आली. चहा पिऊन परत येतो तो भिका जीप घेऊन गेलेला. मी मनात म्हटलं, नट आवळलेच असणार आपण. माझा माझ्यावर फार विश्वास होता तेव्हा. दुपारी भिका दुसऱ्याच्या जीपमधून उतरला, बगलेत चाक.

"अण्णा," तो म्हणाला, "रिकामी जीप घिऊन निवांत चाललो होतो मी. बाजूनं एक चाक पुढं गेलं. मी म्हणलं, कोणाचं बरं एवढं घाईत हाय? मग आपली जीप खाली बसली, तवा कळलं, आपलंच हाय."

कोणाला खरचटलंसुद्धा नाही, ही देवाची कृपा. मी त्याचे पाय धरायचेच बाकी ठेवले. त्या दिवसापासून दोन नियम पाळले. हातात नट असताना चहाला ओ द्यायची नाही, आणि चाक बसवलं की गिऱ्हाइकाला बजावायचं, थोडी गाडी चालवून परत ये, नट पुन्हा एकदा आवळून जा. भिकाने मात्र सिन्नर स्टँडवर माझी अशी कीर्ती केली, की तिकडचा ड्रायव्हर दुकानात आला की नमस्काराच्या ऐवजी विचारायचा, "काय अण्णा, चहा झाला ना?"

तर अशी कीर्ती घेऊन मी नाशिक रोडच्या आमच्या सोसायटीत रिटायर झालो.

आमच्या खालच्या मजल्यावर निर्मलाबाई राहतात. सरकारी दवाखान्यात आयुष्यभर नर्स होत्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा अमोल पुण्याला नोकरीत. त्यांना सगळी बिल्डिंग सिस्टरच म्हणते, भाजीवालासुद्धा. रिटायर झाल्यावर लोक काशीला जातात. सिस्टर ड्रायव्हिंग स्कूलला गेल्या. छोटी चंदेरी गाडी घेतली, आणि दर शनिवारी सकाळी चांदवडला माहेरी. तिथे धाकट्या बहिणीबरोबर दिवसभर गप्पा, येताना डिकीत कांदे, आणि त्यातले अर्धे आमच्या घरी. त्यामुळे त्यांच्या गाडीच्या तब्येतीत आमचाही स्वार्थ होता.

एका शनिवारी पिंपळगावच्या पुढे चाक पंक्चर झालं. बाई रस्त्याच्या कडेला बराच वेळ उन्हात उभ्या. शेवटी एका टेम्पोवाल्याने चाक बदलून दिलं. त्यांनी ही गंमत म्हणून अमोलला फोनवर सांगितली, आणि गंमत तिथेच संपली.

त्या आमच्याकडे आल्या त्या तरातरा जिना चढून.

"अण्णा, मला चाक काढायला-घालायला शिकवा."

"का हो सिस्टर? दुकान टाकताय?"

"अमोल म्हणतो गाडी विकायची. चांदवडला टॅक्सी करून जा म्हणे. टॅक्सीवाल्याला घेऊन माहेरी जाऊ मी? तोही जेवायला बसेल, आणि बहिणीशी दोन शब्द बोलायची चोरी. गिऱ्हाईकही बघून ठेवलंय त्याने. दसऱ्याला स्वतः येऊन गाडी पुण्याला नेणार आहे."

आमची मंदा, म्हणजे बायको, स्वयंपाकघरातून म्हणाली, "मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, तुझ्यासमोर चाक बदलून दाखवते. जमलं तर गाडी माझी. नाही जमलं तर ने." सिस्टर खुर्चीत बसल्या. "मंदाताई, मला त्या गाडीत बसलं ना, की मी कोणाची आई नसते आणि कोणाची सिस्टर नसते. दोन तास नुसती मी असते."

यावर मला काही विनोद सुचला नाही. असं फार क्वचित होतं.

मी म्हटलं, "एक चाक बदलून हात बसत नाही. आपण चारही चाकांच्या जागा बदलू. गाडीला त्याची गरज आहेच, आणि स्टेपनी धरून तुमचा पाच वेळा सराव होईल. मुलाला दाखवायचं तर पूर्ण दाखवू."

"पाच वेळा कसा?"

मला समजावता येईना. तेव्हा मंदाने समजावलं. दोन डब्यांतल्या डाळींची अदलाबदल करायची तर तिसरा रिकामा डबा लागतो. स्टेपनी तो तिसरा डबा. पुढच्या डाव्या चाकाच्या जागी स्टेपनी घालायची. ते निघालेलं चाक मागे डावीकडे. तिथून निघालेलं पुढे उजवीकडे. तिथलं मागे उजवीकडे. आणि तिथलं परत पुढे डावीकडे, स्टेपनी काढून. म्हणजे पुढची चाकं सरळ मागे जातात, मागची तिरकी पुढे येतात, आणि एका वेळी गाडीचा एकच कोपरा उचलावा लागतो. स्टेपनी इतर चाकांच्याच मापाची हवी, एवढी अट. आणि ज्या टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, त्यांची बाजू बदलायची नाही. ते आपल्याच बाजूला पुढे-मागे करायचे. सिस्टरच्या टायरवर बाण नव्हता.

पहिली शिकवणी रविवारी सकाळी पार्किंगमध्ये झाली. बाल्कन्या भरलेल्या. मी पायात चप्पल, डोक्यात हवा, अशा थाटात जॅक लावला, गाडी उचलली, पाना नटावर बसवला आणि जोर केला. नट हलला नाही. नटाबरोबर अख्खं चाक गोल फिरलं. पुन्हा जोर केला, पुन्हा फिरलं.

सिस्टर वाकून बघत होत्या. "अण्णा, ते सुटायला हवं ना? ते तर फेर धरतंय."

काय झालं होतं सांगतो. दुकानात मी कित्येक वर्षं बटण दाबून गाडी लिफ्टवर उचलली आणि हवेच्या गनने नट काढले. टर्रर्र केलं की नट हातात. ती गन असा दणका देते की चाकाला फिरायची शुद्धच राहत नाही. हाताच्या पान्याने काम करायचं तर चाक जमिनीवर असतानाच नट थोडे सैल करून घ्यायचे, मग गाडी उचलायची, हे मी तरुणपणी शिकलो होतो आणि गन आल्यावर विसरलो होतो. यंत्राने कष्ट वाचवले ते ठीक, पण हाताला जे येत होतं तेही घेऊन गेलं, याचं मला त्या सकाळी फार वाईट वाटलं. बाल्कनीतल्या लोकांना वाटलं नाही.

मी गाडी खाली घेतली, नट सैल केले, पुन्हा जॅक लावला. आता दुसरा प्रकार. आमच्या पार्किंगला सिमेंटचे चौकोनी ब्लॉक बसवलेत, आणि कंत्राटदाराने खाली काय घातलंय ते तोच जाणे. जॅकखालचा ब्लॉक हळूच खचला, जॅक तिरका झाला आणि गाडी उसासा टाकल्यासारखी खाली आली. चाक अजून जागेवर होतं म्हणून गाडीचं काही बिघडलं नाही. मी मात्र मागे उडी मारली ती थेट वॉचमनच्या पाण्याच्या बादलीत.

सिस्टरने आधी गाडीकडे पाहिलं. मग माझं मनगट धरलं.

"गाडी ठीक आहे," त्या म्हणाल्या. "तुमचे ठोके जास्त आहेत."

त्यानंतर आम्ही शिकवणीची पद्धत बदलली. मी दुकानातलं आठवून सांगायचं, सिस्टरने ते वॉर्डाच्या भाषेत करून घ्यायचं. आणि खोटं कशाला बोलू, वॉर्डाची भाषा जास्त चांगली निघाली. जागा सपाट आणि घट्ट हवी, म्हणून आम्ही ब्लॉक सोडून गेटजवळच्या काँक्रीटवर गेलो. हॅन्डब्रेक ओढायचा, गाडी गिअरमध्ये ठेवायची, आणि जो कोपरा उचलायचा त्याच्या तिरक्या समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावायचे. "पेशंटला हलू द्यायचं नाही," सिस्टर म्हणाल्या. जॅक कुठेही लावायचा नाही. गाडीच्या खालच्या काठाला त्यासाठी खाच असते, तिथेच. सिस्टरने बोटाने चाचपून चारही खाचा शोधल्या, शीर शोधतात तशा. गाडी उचलली की लोखंडी स्टँड खाली द्यायचा, त्याला आम्ही घोडी म्हणतो. ती मी दुकानातून आणली. काढलेलं चाकही गाडीच्या काठाखाली आडवं सरकवून ठेवायचं, जॅक दगा देईल तर गाडी त्याच्यावर बसेल. आणि काही झालं तरी हात, पाय, डोकं गाडीखाली घालायचं नाही.

चप्पल बंद. बूट. हे माझ्यासाठी.

नट ठेवायला सिस्टरने घरातून स्टीलचा किडनी ट्रे आणला, ऑपरेशनला असतो तसला. चाक जिथे टेकतं तो मधला भाग, हब, तिथली माती आणि गंज सिस्टर फडक्याने असा पुसायच्या, की इंजेक्शनच द्यायचंय. मी म्हटलं, एवढं कशाला? त्यांनी फडकं झटकलं आणि पुन्हा एकदा पुसलं. आणि त्यांचंच बरोबर होतं. चाक आणि हब यांच्यामध्ये काहीही राहिलं तर चाक नीट टेकत नाही, नट आवळलेले वाटतात पण नसतात. मग नट आधी बोटांनी फिरवायचे, पाना नंतर. समोरासमोरचे आवळायचे, एका बाजूचे ओळीने नाही. शेवटचा जोर गाडी जमिनीवर टेकल्यावर. सगळं झालं की हवा तपासायची, आणि थोडी गाडी चालवून नट पुन्हा आवळायचे.

हे शेवटचं सिस्टरना फार आवडलं. "म्हणजे ऑब्झर्व्हेशन. पेशंट टेबलावरून उतरला म्हणजे बरा झाला असं नाही."

दसऱ्यापर्यंत त्या एकट्याने पाचही फेऱ्या करायला लागल्या होत्या. मला काही कामच उरलं नव्हतं. आणि मला काम उरलं नाही की मी काय करतो, ते आता येईलच.

अमोल दसऱ्याला सकाळच्या बसने आला. समंजस मुलगा. आईच्या पाया पडला, आमच्या पाया पडला, आणि म्हणाला, "काका, मला दुपारी निघायचंय. संध्याकाळी पुण्याला माणूस गाडी बघायला येतोय. तर आईचं काय ते बघून घेऊ."

सिस्टर म्हणाल्या, "अण्णा, हत्यारं आणा."

मी वर आलो आणि दारातच थबकलो. आदल्या दिवशी खंडेनवमी. मीच जॅक, पाना, घोडी सगळं तेलाने पुसून लख्ख करून मंदाला दिलं होतं. एवढंच नाही, सिस्टरच्या डिकीतला जॅक आणि पानाही मंदाने हौसेने मागून घेतला होता. सगळं देवघरासमोर पाटावर मांडलेलं. हळदकुंकू, अक्षता, झेंडूच्या माळा. आणि पूजेत बसलेल्या हत्याराला त्या दिवशी कामाला लावत नाहीत, हे आमच्या घरात मीच सगळ्यांना बजावत आलोय.

"अगं, जॅक दे."

"जॅक पूजेत आहे."

"तेच म्हणतोय. तिथून काढून दे."

"अहो, वर्षभर राबतात बिचारी. आज त्यांची सुट्टी. काल तुम्हीच सांगितलंत, चांगला हात जोडून."

"मंदा, अमोल खाली उभा आहे. आज नाही केलं तर सिस्टरची गाडी जाईल."

मंदाच्या हातातली पुऱ्यांची परात खाली गेली. "मग हत्यारं आज लागतील, हे काल नाही सांगायचं?" ती देवघरासमोर बसली, हात जोडले, अक्षता वाहिल्या आणि पाट बोटाने जरासा सरकवला. "झाली उत्तरपूजा. उचला. आणि देवाला सांगा काम सिस्टरचं आहे. तुमचं म्हणालात तर तोही काळजीत पडेल." मग पूजेतली मूठभर फुलं माझ्या झब्ब्याच्या खिशात घालून म्हणाली, "ही गाडीवर वाहा, चांगलं होईल."

हळदीने पिवळा झालेला जॅक घेऊन मी खाली आलो. सिस्टरने पाना नटावर लावला तर बसेना. आत अक्षता अडकलेल्या. त्यांनी पाना थर्मामीटरसारखा दोनदा झटकला, तांदूळ खाली पडले, पाना बसला.

"काका," अमोल म्हणाला, "एक अट. तुम्ही काही सांगायचं नाही."

"मी कशाला सांगू?"

"खुर्चीत बसा."

मी बसलो. सिस्टरने ठोकळे लावले. मी घसा खाकरला.

"काका, खोकायचं पण नाही."

आता सांगा. आयुष्यभर ज्याने तोंडाने दुकान चालवलं, त्याला खोकायची बंदी. आजूबाजूला लोक आपापल्या गाड्यांना माळा घालत होते, ते माळा हातात घेऊन इकडे येऊन उभे राहिले. सिस्टर शांतपणे चालल्या होत्या. नट सैल, जॅक, घोडी, चाक बाहेर, नट ट्रेमध्ये टणटण, फडकं, चाक आत. एक कोपरा झाला, दुसरा झाला. पान्यावर त्या अंगाचा भार असा टाकत, की जोर कमरेवर येऊ नये. पेशंट उचलून उचलून आलेली सवय ती. तिसरा झाला, चौथा झाला. मी खुर्चीत नुसता उकळत होतो. शेवटचा पुढचा डावा कोपरा. स्टेपनी निघाली. हब पुसून झाला. सिस्टर चाक उचलायला वळल्या, आणि मला राहवेना. बोलायची बंदी, खोकायची बंदी. पण खिशात फुलं होती. मी उठलो आणि "चांगभलं" मनातल्या मनात म्हणत मूठभर झेंडू गाडीवर उधळला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सिस्टरने चाक बसवलं, नट आवळले, गाडी खाली घेतली, शेवटचा जोर दिला, हवा तपासली, स्टेपनी आणि हत्यारं डिकीत ठेवली.

सगळे अमोलकडे बघायला लागले.

त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली. मग म्हणाला, "आई, तू फार छान केलंस. खरंच. पण हे सोसायटीत आहे. सावली आहे, सगळे आजूबाजूला आहेत. हायवेला एकटी असशील तेव्हा? माझी काळजी नाही ग जात. मी गाडी नेतो."

माळा धरलेले हात खाली आले. मला इतका राग आला की मी अट विसरलो. "अरे, काय ठरलं होतं तुझं?"

"असू द्या अण्णा," सिस्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी नेहमीचा होता, पण हात पुसायच्या फडक्याची त्या परत परत घडी करत होत्या. "ने तू. पण आधी ऑब्झर्व्हेशन. अर्धवट झालेला पेशंट मी कोणाच्या ताब्यात देत नाही."

"आई, मला उशीर होतोय."

आणि इथे मी, द्वारकेचा टायरवाला, भिकाच्या जीपचा गुरू, काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "जाऊ द्या सिस्टर. मी पाहिलंय, चांगले आवळलेत. पुण्याला पोचल्यावर बघेल तो." मला ते लवकर संपवायचं होतं. बाईंचा तो फडक्यावरचा हात बघवत नव्हता.

सिस्टरने किल्ली घेतली. त्या स्टिअरिंगवर बसल्या. "बसा दोघं."

अमोल पुढे बसला, मी मागे. गाडी पुणे रस्त्याला लागली, सिन्नरच्या दिशेने. दसऱ्याची गर्दी, ट्रकच्या तोंडावर केळीचे खांब, ट्रॅक्टरला माळा. शहर मागे पडलं तशी सिस्टरने मान जराशी तिरकी केली.

"अण्णा, स्टिअरिंग थरथरतंय."

"रस्ता खराब आहे हो."

"खराब रस्ता मी दर शनिवारी बघते. हे डावीकडून येतंय." त्यांनी इंडिकेटर दिला, वेग हळूहळू कमी केला आणि जिथे कडेला रुंद, घट्ट जागा दिसली तिथेच गाडी आत घेतली. हॅन्डब्रेक. गिअर. धोक्याचे लुकलुकणारे दिवे चालू. डिकीतून लाल त्रिकोण काढून अमोलच्या हातात दिला. "लांब मागे नेऊन ठेव. येताना रस्त्याच्या कडेकडेने ये."

मग पाना पुढच्या डाव्या चाकाच्या नटावर लावला. नट फिरला. जोर न लावता फिरला. दुसराही.

अमोल परत येऊन बघत उभा होता. त्याने मदतीला हात पुढे केला. "थांब," त्या म्हणाल्या, "पेशंट माझा आहे." ठोकळे, जॅक, घोडी. बाजूने कंटेनर जात होते, प्रत्येक कंटेनरबरोबर वारा गाडीला ढकलून जात होता, आणि बाई पार्किंगमध्ये होत्या तशाच, एकेक करून, काहीही न गाळता चालल्या होत्या. चाक निघालं.

हबवर पाकळ्यांचा चोथा होता. मध्ये एक अख्खं देठही, सपाट झालेलं. सिस्टरने ते दोन बोटांत चिमट्याने धरावं तसं उचललं.

"अण्णा, हे काय आहे?"

"झेंडू," मी म्हणालो.

"ते दिसतंय. इथे कसा आला?"

अमोल माझ्याकडे वळला. "काका, आता बोललात तरी चालेल."

"मला नव्हतं बोलायचं," मी म्हणालो.

कोणी हसलं नाही. मग सिस्टरच हसल्या, आणि एकदा सुरू झाल्यावर त्यांना थांबवेना. हबजवळ उकिडव्या बसून, हातात चेपलेला झेंडू घेऊन, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. अमोल मात्र हसत नव्हता. तो रस्त्याकडे बघत होता, पुढे, जिथे रस्ता घाटाकडे जातो.

"ह्याच चाकावर मी पुण्याला निघालो होतो," तो म्हणाला.

सिस्टरने डोळे पुसले आणि हब पुसायला घेतला. कोरड्या फडक्याने, कडेने, खाचेतून, पुन्हा एकदा मधून. तेवढ्यात अमोलचा फोन वाजला. त्याने नाव बघितलं, आणि आम्हाला ऐकू येईल अशा बेताने, का कोण जाणे, तिथेच उभं राहून उचलला.

"हो, बोला. गाडी ना? नाही, आणत नाहीये. नाही, नाही, दुसऱ्याला नाही दिली." पलीकडचा माणूस चांगलाच चिवट असावा. अमोल आईकडे बघत होता. ती चाक उचलून चारही बोल्टवर बरोबर बसवत होती. "अहो, किंमत वाढवून काय करता? ती विकायची नाही. का म्हणजे? वापरात आहे."

सिस्टरने मागे वळून पाहिलं नाही. नट बोटांनी फिरवून झाले होते. त्यांनी नुसता हात मागे केला, तळवा वर, ऑपरेशन थिएटरमध्ये डॉक्टर करतात तसा.

"पाना."

अमोलने फोन खिशात टाकला आणि पाना त्यांच्या तळव्यावर ठेवला. मग स्वतःच रस्त्याच्या बाजूला, त्यांच्या मागे जाऊन उभा राहिला, येणाऱ्या गाड्यांना हाताने लांबून जा, लांबून जा, असं दाखवत. मी मागे गवतात उभा होतो. दोघांचंही माझ्याकडे लक्ष नाही असं बघून मी झब्ब्याचा खिसा हळूच उलटा केला आणि उरलेला झेंडू झाडून टाकला.